आत काय विचारलं?

"पाणी घ्या," बाई म्हणाल्या.

क्रेन ऑपरेटरने ग्लास उचलला, पण निम्मं पाणी शर्टावर सांडलं. त्याने ग्लास तसाच परत ठेवला. समोरच्या तपास अधिकारी बाई फायलीत डोकं घालून बसल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी नियम तेवढे ऐकवले होते. इथे गप्प बसायचा हक्क नाही. विचारलं की सांगायचं, नाहीतर तुरुंग. आणि आत काय झालं ते बाहेर बोलायचं नाही. युनियनशी नाही, बायकोशीही नाही. बोललात तरी तुरुंगच.

आता विचारतील, आता विचारतील, म्हणून तो त्या फायलीकडे बघत होता. प्रश्न काय असणार ते शेंबडं पोरही सांगेल: त्या दिवशी क्रेन थांबवायचा इशारा कुणी केला?

केला होता त्याच्या मेव्हण्याने, बायकोच्या धाकट्या भावाने. क्रेनच्या दोराच्या तारा तुटायला लागल्या होत्या. केबिनमध्ये बसलेल्याला ते कुठून दिसणार? मेव्हण्याने वरच्या मजल्यावरून दोन्ही हात आडवे केले आणि याने क्रेन थांबवली. मग दोर बदलेपर्यंत कुणीच कामाला हात लावला नाही. झालं, सरकारच्या लेखी बेकायदा संप! ज्याने सुरू केला तो आत जाणार. त्या मजल्यावर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं, इशारा पाहिला तो फक्त याने.

"जा तुम्ही," बाई म्हणाल्या. "परत बोलावू."

"पण... काही विचारायचं होतं ना?"

"बोलावू म्हटलं ना."

सरकारी गाडीने त्याला थेट साइटच्या फाटकावर आणून सोडलं. तिथे नेमकी युनियनची सभा चालली होती. सेक्रेटरी घसा फोडून सांगत होते, "चोरालासुद्धा गप्प बसायची मुभा आहे, आणि आपल्याला नाही? हा कायदा रद्द झालाच पाहिजे! आत बोलावलं तर एकच उत्तर द्यायचं, सगळ्यांनी मिळून थांबवलं!" टाळ्या कडाडल्या. तेवढ्यात हा गाडीतून उतरला आणि टाळ्या बंद पडल्या.

"आत काय विचारलं रे?" सेक्रेटरींनी विचारलं.

त्याने मान खाली घातली. काहीच विचारलं नाही, एवढं सांगणंही गुन्हा होता. आणि सांगितलं असतं तरी कुणाला पटणार होतं, कप्पाळ!

घरी बायको दारातच उभी. "अहो, आमच्या धाकट्याचं नाव नाही ना घेतलंत?"

"तू आधी वाढ."

"माझी शपथ आहे तुम्हाला."

"मला विचारू नकोस गं, पाया पडतो तुझ्या."

तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. सांगितलं की भावाला कळणार, भावाकडून साऱ्या साइटला. तो जेवून उठला. ती पाठ फिरवून रडत राहिली.

पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला चहा, बिस्किटं, जावयासारखी सरबराई, आणि प्रश्न मात्र एकही नाही. गाडीने आणून सोडलं ते जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तो डबा घेऊन बसायला गेला तर शेजारचे दोघे सरकले ते उठूनच गेले.

संध्याकाळी मेव्हण्याने त्याला शिडीपाशी गाठलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "भाऊजी, मला तरी सांगा. माझी पोरगी अजून रांगतेय हो."

"अरे, मी आहे ना. भरवसा ठेव."

"भरवसा आहेच. मग सांगत का नाही?"

याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मेव्हणा तो झटकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. "ताप भरला असेल काळजीने," बायको म्हणाली, आणि तिने जे बघितलं नवऱ्याकडे, त्याने याचं काळीज चिरलं.

त्याच संध्याकाळी तिसरी नोटीस आली. तेव्हा त्याने ठरवलं. भीती गेली नव्हती, अंगाला दरदरून घाम सुटला होता, पण ठरवलं. सकाळी निघताना तो बायकोला म्हणाला, "मी काही दिवस आलो नाही तर आईकडे जाऊन राहा."

"म्हणजे काय?" ती ओरडली. तो थांबला नाही.

या खेपेला ना पाणी, ना चहा. बाईंनी सरळ विचारलं, "इशारा कुणी केला?"

"कुणी नाही. मी आपणहून थांबवली. काम बंद करायलाही सगळ्यांना मीच सांगितलं."

"वरच्या मजल्यावरून कुणी हात केला नाही?"

"नाही. वर कुणाला काही ठाऊकच नव्हतं."

"तुरुंग आहे याला. नीट विचार करून बोला."

"विचार करूनच आलोय, बाई."

बाईंनी लिहून घेतलं, त्याची सही घेतली. सही त्याने एका झटक्यात केली. पोरीचा बाप वाचला, बायकोपुढे मान वर करता येईल, असं वाटून त्याला किती दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

"खरं सांगू?" फाइल मिटत बाई म्हणाल्या. "काल तुमचे मेव्हणे न बोलावता आले आणि अगदी हेच सांगून गेले, की सगळं तुम्हीच केलंत, तेव्हा मला वाटलं होतं, माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतोय."