मंत्र्यांचं पत्र

दारासमोर येताच मंत्री दधिराम घिमिरे यांनी टोपी नीट केली आणि मान खाली घातली. दशैंच्या, म्हणजे दसऱ्याला थोरांकडून लावून घ्यायच्या, टिळ्यासाठी मंत्रीमहोदय गावातल्या दुसऱ्या आईपुढे, थीरकुमारीपुढे, वाकले, हे कॅमेऱ्यात नीट यायला हवं होतं. निवडणूक तोंडावर आली होती. मान वाकलेली असल्यामुळे दारात कोण आलं ते काही त्यांना दिसलं नाही.

"आमा, दोन दशैं हुकले माझे. यंदा टिळा जरा मोठा लावा," ते म्हणाले.

समोरची पावलं जागची हलली नाहीत. त्या पायांत पांढरे कापडी बूट होते. मंत्र्यांनी नजर वर केली. पांढरी सुरवार, पांढरा सदरा, पांढरी टोपी. थीरकुमारीचा मुलगा खिलानाथ आई गेल्याचं वर्ष पाळत होता. अशा घरात टिळा मागायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

कॅमेरावाल्याला त्यांनी हातानंच बाहेर पिटाळलं. काठमांडूत एकही भाषण या बाईच्या नावाशिवाय होत नसे, आणि ती फाल्गुनात गेलेली यांना आश्विनात कळत होतं. लाजेनं त्यांचे कान तापले. खिलानाथनं मात्र वावगा शब्द काढला नाही. उलट, तेराव्यालाच तुमचं पत्र मिळालं, असं सांगून त्यानं हात जोडले.

कसलं पत्र, हे विचारायचीही आता सोय नव्हती. मंत्रालयातून अशी पत्रं रोज जातात, खाली सही छापलेलीच असते.

पडवीत चटईवर खिलानाथचा म्हातारा बाप बसला होता. त्याला दिसत नव्हतं, पण आवाज त्यानं ओळखला. "दधी ना रे तू? खिला, ते पत्र आण. याच्याच तोंडून ऐकू दे एकदा."

"नंतर बघू, बा. दधी दाजूंना आधी चहा तर घेऊ दे."

"चहा कुठं पळून जातोय?"

खिलानाथनं ट्रंकेतून पत्र काढलं आणि मंत्र्यांकडे न बघताच पुढे केलं. मंत्र्यांना तर हायसं वाटलं. निदान कागदानं तरी अब्रू राखली होती. त्यांनी घसा साफ केला आणि सभेतल्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"श्रीमती थीरकुमारी बस्नेत यांच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून मी स्तब्ध झालो आहे. दिवंगत आत्म्यास चिरशांती लाभो. शोकाकुल परिवारास हार्दिक समवेदना."

पत्र संपलं. नाव तेवढं कुणीतरी रिकाम्या जागेत निळ्या शाईनं भरलं होतं. मंत्र्यांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

म्हातारा कानामागे हात धरून बसलाच होता. "थांबलास का? पुढचं वाच की."

मंत्र्यांनी खिलानाथकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता.

"खिलानं वाचलं तेव्हा बरंच लांब होतं हे," म्हातारा म्हणाला. "पोलीस मागावर असताना तिनं तुला अकरा दिवस मक्याच्या माळ्यावर लपवलं, स्वतःच्या ताटातलं वर पोचवलं, सगळं लिहिलंयस तू. अख्खं गाव रडलं होतं ऐकून. वाच ना, दधी. तेवढंच वाच."