घंटी थांबली

"दाजी, घंटी थांबली!" मी ओरडलोच. वास लागून ग्वेन कुत्री जागीच थबकली आणि तिच्या गळ्यातली घंटी थांबली, की समोर पाचोळ्यात वुडकॉक पक्षी दबून बसलेला असतो, हे आमच्या फ्रान्समधल्या ब्रेतान्यच्या रानात शेंबडं पोरही सांगेल. वडिलांच्या काळात ही घंटी घडोघडी थांबायची. अलीकडे ती दिवसभर नुसती वाजतच राहायची. या हंगामात तर एकदाही थांबली नव्हती. "हळू, लेका! पाखरू उडवशील," दाजी कुजबुजले आणि गुडघेदुखी विसरून माझ्याच पुढे धावत सुटले. काटे, चिखल तुडवत, बंदुका सरसावून आम्ही तिथवर पोचलो. ग्वेन थांबली नव्हतीच. ती जमिनीला नाक लावून हुंगत धावतच होती. मी तिला धरून घंटी उलटी केली. आतला लोलक झिजून गळून पडला होता. "तीन पिढ्या टिकलेली घंटी!" मी हळहळलो. दाजी धापा टाकत म्हणाले, "पूर्वी तिला विसावा मिळायचा रे."