दगडातली पावलं

फरशी सपाट करायला आलेला हणमंता गवंडी ऐरणीसमोरच्या दगडापाशी थबकला. गावच्या जुन्या लोहारशाळेचं आता वाचनालय होणार होतं. पण पिढ्यान्‌पिढ्या उभं राहून त्या दगडात दोन पावलांचे खळगे पडले होते.

"कसले पहाडासारखे लोहार असतील," म्हणत त्यानं कौतुकानं आपलं अनवाणी पाऊल आत ठेवलं. ते मावेना.

दारातली सोनाक्का लोहारीण हसली. "बाप्ये बसून सांडशीनं लोखंड धरायचे, बाबा. घण उभ्यानं मारावा लागतोय."

पदर खोचून ती खळग्यांत उभी राहिली. पावलं चपखल बसली. "आधी आजेसासू, मग सासू, मग चाळीस वर्षं मी." बाजूला होत ती म्हणाली, "हं, भर आता."

हणमंतानं कालवलेल्या सिमेंटचं घमेलं उचललं आणि बाहेर नेऊन ओतून टाकलं.