बैलांमागची फळी

एकोडीची रीना समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन उतरते आणि देशोदेशीच्या सर्फिंग स्पर्धा जिंकते. भंडाऱ्यात समुद्र नसताना हे कसं जमलं, असं कोणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "बाबा धानाच्या बांधीत चिखल सपाट करायचे, तेव्हा बैलांमागच्या फळीवर मला उभं करायचे. तोल मी तिथेच शिकले."

यंदा रोवणीच्या दिवसांत ती गावी आली, तर टीव्हीवाले थेट बांधीवर हजर. म्हणाले, करून दाखवा. अर्धं गाव बांधीच्या कडेला धुऱ्यावर जमलं.

"राहू दे न वं, कायले चढून राहिली?" तिचे बाबा नत्थूजी दोनदा म्हणाले. पण रीना ऐटीत फळीवर चढली. त्यांनी बैल हाकले आणि पहिल्याच वळणावर ती तोंडावर चिखलात आपटली. कॅमेरा सुरूच होता.

नत्थूजींनी तिला हात धरून उठवलं, दुपट्ट्यानं तोंड पुसून दिलं आणि कानाशी हळूच म्हणाले,



"लहानपणीबी तू याच कोपऱ्यात पडत होती, बाई. मी अजून कोणाले सांगतलं नाही."