खड्ड्याकडचा पाय

रुद्रेशची नजर पुढच्या गाडीवरल्या योगीराजच्या पायावरून हलत नव्हती.

तीन दिवसांपासून झड लागलेली. तरी पाच गाड्या एकामागं एक परभणीहून ताडकळसला निघाल्या होत्या, नर्मदाबाईच्या हॉटेलातला मुरमुऱ्यांचा गरम गरम सुशीला अन् भजे खायला. दर रविवारचा नेम. पाऊस असो नाहीतर धुकं, एक रविवार चुकला तर जणू बायकाच माहेरी निघून जाणार होत्या ह्यांच्या. पुढं कायम योगीराज. पुढच्याला खड्डा दिसला की त्यानं त्या बाजूचा पाय बाहेर काढायचा. मागच्यानं गाडी वळवायची अन् आपला पाय काढून त्याच्या मागच्याला दाखवायचा. खड्डे पाण्यानं भरले की रस्ता अन् खड्डा सारखाच दिसतो. मग पुढच्याच्या पायावरच भरोसा.

दोन महिन्यांखाली योगीराजच्या मागं रुद्रेशचा थोरला भाऊ नागनाथ होता. ओढ्याच्या पुलाआधीच्या खड्ड्यात गेला. मांडीत रॉड बसला. आता कुबडी घेऊन घरात बसतो, अन् कसं झालं विचारलं की भिताडाकडं बघून म्हणतो, "मला काई आठवत न्हाई."

रुद्रेशला ते पटत नव्हतं. योगीराज आठवड्याला घरी यायचा, अन् रुद्रेश आत आला की दोघांचं बोलणं बंद. त्या दिवशी नागनाथच्या मागं गाडीवर असलेले चंद्रभानकाका समोर दिसले की भलत्याच गल्लीत वळायचे. ह्यांच्या पोटात काई नसंल तर हे तोंड लपवायलेत कामून? पाय काढलाच नव्हता योगीराजनं. दुसरं काय असणार?

म्हणून आज तो नागनाथची गाडी घेऊन आला होता, नागनाथच्या जागी. अंगात घरातला एकुलता एक रेनकोट, ज्याच्यावरून दोघं भाऊ कायम भांडायचे. त्या दिवशी तो नागनाथनं नेला होता; कोपराला फाटला तिथं आता काळी टेप होती. खिशात अठरा नंबरचा पाना. नट खोलायला घेतलेला नव्हता.

योगीराजचा पाय प्रत्येक खड्ड्याला बाहेर येत होता. डावा, उजवा, परत डावा. 'मला दाखवायलाय,' रुद्रेश मनात म्हणाला.

पुलाआधीचा खड्डा आला. योगीराजनं लय लांबूनच पाय काढला. काढला तो ठेवलाच, ताठ. गाडी लटपटली तरी आत घेतला न्हाई.

'इतका पाय कोण काढतंय? ज्याच्या मनात पाप हाय तो.'

हॉटेलात नर्मदाबाईनं पाच प्लेटा मांडल्या. "नागनाथला भजे बांधून देऊ का रे? लय आवडायचे त्याला."

सगळ्यांच्या माना प्लेटीत.

"आज काढला तेवढा पाय त्या दिवशी काढला असता तर?" रुद्रेश बोलला.

योगीराजचा घास हातातच राहिला. "काढला हुता."

"खोटं बोलायलास."

"रुद्र्या, गरम हाय तवर खा," चंद्रभानकाका म्हणाले.

"तुमी गप बसा काका. तुमी मागंच हुता ना? मग काय बघितलं ते सांगा."

काका सुशील्यातल्या मिरच्या बाजूला काढायला लागले. मिरची तर त्यांना बाधत नव्हती.

रुद्रेश उठला तसं बाकडं उलटलं. एका हातात योगीराजची कॉलर, दुसऱ्यात पाना. "पाय काढला हुता तर अण्णाला दिसला कामून न्हाई? आंधळा हाय का माझा भाऊ?"

योगीराजनं पान्याकडं बघितलं, मग कोपरावरल्या टेपकडं. कॉलर सोडवायला गेला न्हाई.

"त्याच्या एकाच हातात हँडल हुतं."

"अन् दुसऱ्या?"

"आरं योगी, सांगू नको म्हणलाय त्यो," काका पुटपुटले.

"कोण? कोण म्हणलंय?"

"नागनाथ."

कढईत भजे तडतडत होते. नर्मदाबाई झारा धरून तशीच उभी.

योगीराज हळू बोलला, "मी आरशात बघितलं. फोन कानाला हुता. 'आरडू नको रुद्र्या, आल्या आल्या देतो तुझा रेनकोट,' असं म्हणायलता म्हणं; दवाखान्यात त्यानंच सांगितलं. मी पाय काढला. हॉर्न दिला. परत दिला."

कॉलर सुटली.

त्या दिवशी फोन मधीच कट झाला होता. अण्णानं मुद्दाम कट केला, असंच रुद्रेशला वाटलं होतं. त्या बंद फोनला त्यानं अजून दोन शिव्या घातल्या होत्या.

चंद्रभानकाकांनी बाकडं सरळ केलं. रुद्रेशनं सुशीला खाल्ला न्हाई, अन् त्याला खा असंही कोणी म्हणलं न्हाई.

निघताना मागून नर्मदाबाई ओरडली, "ए, हे लोखंड कोणाचं राह्यलं रे?"

गाड्या चालू झाल्या होत्या. पाऊस वाढला होता. योगीराज पुढं, रुद्रेश त्याच्या मागं, अन् मागं तिघं.

पूल ओलांडला तसा रेनकोटाच्या आत फोन वाजायला लागला. कोणाचा, ते त्याला ठाऊक होतं. वाजून वाजून थांबला. परत वाजायला लागला.

पुढं योगीराजचा पाय बाहेर आला.

रुद्रेशनं दोन्ही हातांनी हँडल आवळलं, आपला पाय काढला, अन् चंद्रभानकाकांची गाडी खड्ड्याच्या कडेनं निघालेली आरशात दिसंपर्यंत आत घेतला न्हाई.