लाखभर शिल्लक

“लाखभर शिल्लक दिसतेय, मग बघायचं काय?” म्हणत सगळे सदस्य सह्या करून गेले. नव्या नगराध्यक्षा रेवतीताई मात्र अंदाजपत्रक वाचत बसल्या. जमेच्या बाजूला त्यांचं बोट थांबलं.

“लोखंडेकाका, ‘रूपरेखा टॉकीज’ची वीस लाखांची थकलेली घरपट्टी यंदा वसूल होणार?”

“दरवर्षी तसंच धरतो, मॅडम.” निवृत्तीला आलेले लेखापाल चष्मा पुसू लागले. “नाही धरली, तर तूट दिसते. तुटीचं अंदाजपत्रक सभेपुढं नेता येत नाही.”

“अहो, पण टॉकीज पाडूनच तर आपली नगरपालिका बांधली ना? आपण बसलोय कुठं?”

काका चष्मा पुसतच राहिले.

रेवतीताईंनी टॉकीजवर लाल रेघ मारली. मग खर्चाच्या बाजूला ‘अध्यक्षांसाठी नवी गाडी, एकोणीस लाख’ इथं पेन बराच वेळ अडलं. गाडीचा रंगसुद्धा त्यांनी लेकीला विचारून ठरवला होता. शेवटी तिथंही रेघ पडली.

काकांनी चष्मा चढवून घाईघाईनं बेरीज केली. “शिल्लक आली, मॅडम! बारा हजार.”

“खरी?”

काकांनी बेरीज पुन्हा एकदा तपासली.

“माझ्या नोकरीत पहिल्यांदाच.”