कंपनी म्हणते, मागे फिरायचं नाही

"लेखी देणार नाही आणि तोंडी सांगणारही नाही. मागे फिरायचं नाही म्हणजे नाही," फोनमधून कंपनीच्या श्रीनिवासचा आवाज आला.

कंत्राटावर सर्व्हर सांभाळणाऱ्या शुभदाने स्पीकर चालू ठेवला होता. समोर संशोधन संस्थेचे संचालक ग्रेवालसाहेब हाताची घडी घालून उभे होते. त्यांना कळावं म्हणून बोलणं हिंदीतच चाललं होतं.

"तुमचं नवं सॉफ्टवेअर चढवल्यापासून आमचे दोन्ही स्टोरेज स्विच रोज दुपारी आपोआप बंद पडतात आणि परत चालू होतात," शुभदा म्हणाली. "तेवढ्यात सर्व्हरची आणि डिस्कची ताटातूट होते. पोरांचं काम मधेच कोसळतं. मला जुनं सॉफ्टवेअर परत हवंय."

"कंपनीचं धोरण आहे मॅडम. पुढचं व्हर्जन येईल, तोवर कळ काढा."

"पिंजौरला उतरायचं विसरलात आणि बस पुढे कालक्याला गेली, तर काय तिथेच संसार थाटता?"

"हा कॉल रेकॉर्ड होतोय. जरा जपून बोला."

"होऊ दे की! ऐकू दे तुमच्या साहेबांना."

"मागे फिरायचा रस्ता सांगितला म्हणून आमच्या एका इंजिनिअरला गेल्याच महिन्यात घरी बसवलंय. मी सांगणार नाही. तुम्ही स्वतःच्या अकलेने काही केलंत, तर कंपनी जबाबदार नाही."

"माझी अक्कल माझ्यापाशी आहे. तुम्ही तुमची सांभाळा!" शुभदाने फोन आपटला.

"बड़ा अकड़ू आदमी है," ग्रेवालसाहेब म्हणाले.

"फार," शुभदा म्हणाली.

ग्रेवालसाहेब नुकतेच लुधियान्याहून बदलून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण बोलायला फटकळ. त्यांनी सरळच सांगून टाकलं. जुनं चढवताना डेटा गेला, तर शुभदाचं कंत्राट तिथेच संपलं. आणि ही रोजची बंद-चालू थांबली नाही, तरीही संपलं. आता बोला! बाईने करायचं तरी काय?

"मग करूनच बघते," शुभदा म्हणाली आणि सर्व्हररूमचं दार ढकलून आत गेली. साहेबही मागोमाग येऊन खुर्ची ओढून बसले.

तिला खरा राग आला होता तो मंजिरीमुळे. नागपूरची ही पोर पीएचडी करत होती आणि तिचं कॉम्प्युटरवर आठवडाभर चालणारं गणित आदल्या दिवशी पुन्हा अर्ध्यात तुटलं होतं. "ताई, मी आता घरी जाते," असं म्हणून ती कॅन्टीनमध्ये ढसाढसा रडली होती. धोरण म्हणे! खड्ड्यात गेलं तुमचं धोरण.

स्विच दोन होते आणि प्रत्येक सर्व्हरची तार दोन्हींकडे गेलेली होती. एक बंद असला तरी दुसऱ्यावरून काम चालतं. उतावळा माणूस दोन्ही एकदम मागे नेतो आणि मग कपाळाला हात लावून बसतो. शुभदाने आधी सगळ्या सेटिंगची प्रत आपल्या कॉम्प्युटरवर काढली. नव्या सॉफ्टवेअरच्या ज्या सोयी जुन्याला ठाऊकच नव्हत्या, त्या एकेक करून बंद केल्या. मग पहिल्या स्विचचा सगळा भार दुसऱ्यावर सरकवला. थेट जुन्यावर उडी मारली नाही. मधलं व्हर्जन चढवलं, ते स्थिर झालं, मग जुनं. पायऱ्या गाळल्या की माणूस तोंडावर आपटतो.

"ये सब सीखा कहाँ से?" ग्रेवालसाहेबांनी विचारलं.

"घरीच," शुभदा पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "जेवणं झाल्यावर. डोकं खाऊन खाऊन."

स्विच चालू झाला. हिरवे दिवे लागले. सगळे सर्व्हर दिसू लागले. एक सोडून.

"गया?" साहेब खुर्चीतून उठले.

"बसा हो सर!" ती म्हणाली आणि एकेक सेटिंग तपासू लागली. त्या सर्व्हरला त्याची डिस्क वापरू देणारी परवानगी जुन्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचलीच नव्हती. तिने काढून ठेवलेल्या प्रतीतून ती परत भरली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तोही सर्व्हर दिसू लागला. शुभदा घटाघटा पाणी प्यायली.

तिने भार परत पहिल्या स्विचवर आणला आणि दुपार जाऊ दिली. तो हूं की चूं करेना. तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी तिने दुसऱ्याला हात घातला.

आठवडा सरला आणि मंजिरी धावतच आली. "ताई, झालं! अख्खं पूर्ण झालं!" तिने शुभदाला मिठीच मारली. शुभदाच्याही डोळ्यांत पाणी आलं.

ग्रेवालसाहेबांनी तिचं कंत्राट वाढवलं. वर म्हणाले, "अब उस अकड़ू की शिकायत करता हूँ।"

"नुसती नको सर, सणसणीत करा," शुभदा म्हणाली. "लिहा, की आमच्या बाईंनी परोपरीने विनवलं, पण या माणसाने शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. रेकॉर्डिंग ऐका म्हणावं."

"मॅडम, उसकी नौकरी चली जाएगी।"

"लिहा तुम्ही."

साहेबांनी लिहिलं. शुभदाने एक वाक्य आणखी कडक करायला लावलं आणि फॅक्स स्वतःच्या हाताने केला.

संध्याकाळी ती संस्थेबाहेर पडली आणि चालत पुढच्या चौकापर्यंत गेली. तिथे तिचा नवरा स्कूटर घेऊन उभा होता.

"झाली का गं माझी तक्रार?" त्याने विचारलं.

"झाली. थेट तुझ्या मोठ्या साहेबांकडे."

"वाचलो!" श्रीनिवास म्हणाला. "तुमचे स्विच जुन्यावर गेल्याचं कंपनीला कळलंय. सकाळपासून शोधतायत, त्या बाईला मागचा रस्ता सांगितला कुणी."